गारुफलियाने दोर ओढला नाही

आमच्या इथाका बेटावर दर ऑगस्टमध्ये शाळेच्या अंगणात राजाच्या परतण्याचं नाटक होतं. वीस वर्षांनी राजा घरी येतो, राणीच्या मागे लागलेल्यांना मारतो आणि त्या लोकांशी हसल्या-बोलल्या म्हणून घरातल्या दासींना फासावर लटकवतो. त्या वर्षी मी राजाचा म्हातारा कुत्रा होते. आवाज काढण्यात गावात माझा हात धरणारं कुणी नाही, म्हणून मला तीनदा विव्हळायला दिलं होतं. दासींना मात्र एक शब्दही नव्हता. दासी म्हणजे जुन्या अभ्र्यांत चिंध्या भरून केलेल्या बाहुल्या, सगळ्या एका दोराला बांधलेल्या. पडद्यामागून दोर ओढला की त्या एकदम वर जायच्या, त्यांचे पाय लटलटायचे आणि गाव खो खो हसायचं. कुत्रा मरताना हेच गाव रुमाल काढून रडायचं.

दोर ओढायचं काम गारुफलियाचं.

राणीचं काम करणाऱ्या एवान्थिया बाईंकडे ती राहायची. समोरच्या किनाऱ्यावरच्या डोंगरातून तिला लहानपणीच आणलं होतं. आमच्याकडे अशा पोरीला मोलकरीण म्हणत नाहीत, आत्म्याची लेक म्हणतात. लेकीला पगार कोण देतं? मोठी झाली की लग्न लावून देऊ, असं तिच्या आईला सांगितलं होतं. आता तिचे केस पिकायला लागले, तरी बाई मान तिरकी करून पाहुण्यांना सांगतात, "आमच्या गारुफलियाला स्थळं काय कमी आली? पण हिचाच पाय निघत नाही हो."

पाय निघत नाही म्हणणाऱ्यांनी तिला गच्चीवर पाहायला हवं होतं. वारं स्वच्छ असलं की तोंडात चिमटा धरून, हातात ओली चादर तशीच घेऊन ती समुद्रापलीकडे बघत राहायची. मला म्हणायची, "ती दुसरी घडी दिसते ना डोंगराची? तिच्या अलीकडे आमचं घर." मला घडी कधीच दिसली नाही. मी हो म्हणायचे.

तिची आई गेली तेव्हा ईस्टर होता आणि घर पाहुण्यांनी भरलेलं. तिला जाता आलं नाही. या उन्हाळ्यात होडीवाल्या गेरासिमोसकाकांनी तिकडचा निरोप आणला.

"शनिवारी ऊन कललं की तुझ्या आईची कबर उघडतायत, पोरी. नव्यांना जागा हवीये. लेक आली, वाइननं हाडं धुतली, तर पेटीत नावानिशी राहतील. नाहीतर सगळ्यांच्या खड्ड्यात."

शनिवारीच नाटक होतं.

तालमीत राणीच्या झग्याला टाचण्या लावता लावता तिनं विचारलं, "बाईसाहेब, मी शनिवारी जाऊन येऊ? आईची हाडं काढतायत."

"अगं, आई आता कुठे पळून जाणारे? सोमवारी जा."

"सोमवारी ती खड्ड्यात असेल."

"मग दोर कोण ओढणार? मी?"

जुन्या काव्यावरून हे नाटक बसवणारे आमचे मास्तर पानारेतोस सगळं नाकातून बोलतात. ते म्हणाले, "दासींवाचून न्याय पुरा होत नाही, गारुफलिया."

ती टाचण्या लावतच राहिली. "त्यांनी काय केलं होतं हो मास्तर?"

"परक्यांशी लगट."

"नाही म्हणायची सोय होती का त्यांना?"

मास्तर खाकरले. "काव्यात तो प्रश्न येत नाही."

"कुत्र्याचा येतो," मी म्हटलं.

"कुत्र्यानं पडून राहावं," मास्तर म्हणाले.

शनिवारी तिनं दुपारीच बाईंची वेणी घातली, झगा इस्त्री करून खुर्चीवर ठेवला, "पडद्यामागचं बघते," म्हणाली आणि गेली.

संध्याकाळी नाटक रंगलं. मी मेले, लोक रडले. मग राजा गरजला, "लटकवा त्यांना."

काहीच झालं नाही.

"लटकवा," राजा पुन्हा म्हणाला, जरा हळू. बाहुल्या जमिनीवर एकमेकींना टेकून पडल्या होत्या. हसणारे तोंड उघडून थांबले होते. मास्तर पडद्याआडून फुसफुसले, "गारुफलिया, ओढ." शेवटी राणी स्वतः उठून मागे गेली आणि तिथून बाईंची रोजची, घरातली हाक ऐकू आली. मग दुसरी. त्या हाकेला ओ आली नाही.

पुढचं गेरासिमोसकाकांनी सांगितलं. होडी लागली तिथून स्मशान चढावर. म्हातारं माणूस, पण तिला एकटीला सोडवेना म्हणून तेही वर गेले. गावच्या बायकांनी हाडं काढून चादरीवर ठेवली होती. गारुफलियानं एकेक हाड वाइननं धुतलं, पुसलं, पेटीत ठेवलं. कवटी तेवढी मांडीवर घेतली आणि बेटावर आणलं त्या दिवसापासूनचं सगळं तिला सांगायला लागली. बायका घरी गेल्या. झाडांच्या सावल्या भिंतीपलीकडे गेल्या.

"चल गं," काका म्हणाले, "तुझी बाई मला फाडून खाईल."

"थांबा ना काका," ती म्हणाली. "अजून माझा तिथला पहिला हिवाळाच चाललाय."