खांबावरचं एक मत

आमच्या वीज सहकारी संस्थेच्या भिंतीवर निळ्या अक्षरांत लिहिलं आहे : 'सभासदांची सेवा, सभासदांचं संरक्षण'. दर दोन वर्षांनी त्या अक्षरांना नवा रंग देतात आणि रंगाऱ्याची शिडी धरायला वायरमनला बोलावतात. संस्थेचं ध्येयवाक्य इतक्या जवळून आणि इतका वेळ वाचलेला दुसरा सभासद सापडणार नाही.

या वायरमनना सगळे मामा म्हणतात. तसं म्हणण्याचा खरा अधिकार त्यांच्या भाच्यांचा आणि जावयाचा. बाकीच्यांनी तो लाइट गेल्या-गेल्या फोन करून मिळवला. लाइट असताना त्यांना कोणी मामा म्हणाल्याचं ऐकिवात नाही.

मामांना एक सवय होती. तारेवर कामाला चढण्याआधी ते ट्रान्सफॉर्मरखालची डीपीची पेटी उघडत, तिन्ही फ्यूज उपसत, खाकी पिशवीत टाकत आणि पिशवी खांद्याला अडकवून वर जात. फ्यूज पिशवीत आहेत तोवर त्या तारेत वीज येणं शक्य नाही, इतकं साधं ते गणित होतं. हे त्यांना कोणी शिकवलं नव्हतं. ज्यांनी काम शिकवलं ते उस्ताद फ्यूज काढून पेटीवरच ठेवत. एकदा ते वर असताना एका उत्साही सभासदाने फ्यूज परत बसवून दिले, कारण त्याचा पंप अडला होता. उस्तादांचा फोटो आता कार्यालयात आहे. खाली 'कर्तव्यदक्ष' असं लिहिलेलं आहे. बाकीचा तपशील फ्रेममध्ये मावला नसावा.

दोन वर्षांपूर्वी संस्थेने बटणांचं पॅनेल आणलं. आता कार्यालयात खुर्चीत बसून गावाची लाइन बंद-चालू करता येते. वायरमनने फोन करायचा, ऑपरेटरने बटण दाबून लाइन बंद करायची, काम संपल्याचा फोन आला की चालू करायची. फ्यूज पेटीबाहेर काढू नयेत, असं परिपत्रकही निघालं. ऑपरेटर म्हणून जे नेमले गेले ते मामांचे जावई.

मामा फोनही करत आणि फ्यूजही नेत.

"मामा, लोक हसतात," जावई एकदा म्हणाले. "माझ्यावर विश्वास नाही का तुमचा?"

"आहे की हो, जावईबापू. मुलगी दिलीय तुम्हाला. पण मुलीला वाटलं तर ती माहेरी परत येऊ शकते. खांबावरून गेलेला माणूस परत येत नाही."

यंदाची वार्षिक सभा रविवारी सकाळी अकराला भरली. आदल्या दिवशीच्या वाऱ्याने सभागृहामागची तार लोंबत होती. मुलं तिच्याखाली खेळतात म्हणून एका बाईंनी तक्रार केली आणि मामा शिडी घेऊन निघाले. अकरा दहाला त्यांनी जावयांना फोन केला, लाइन बंद झाली, फ्यूज पिशवीत गेले.

आत अध्यक्ष "सभासदांच्या सुरक्षेशी आम्ही कधीही" इथवर आले होते. तेवढ्यात माइक गेला. "तडजोड करणार नाही" हे फक्त पहिल्या दोन रांगांना ऐकू आलं. पंखे थांबले. लोक वार्षिक अहवालाने वारा घेऊ लागले. अहवालाचा तसा उपयोग होताना प्रथमच दिसला.

मागे काम चालू आहे, अर्धा तास लागेल, असं कोणीतरी सांगितलं.

"अर्धा तास? आपलीच संस्था आणि आपल्यालाच लाइट नाही?" एक सभासद उठले. "ठराव घ्या, ठराव!"

सहकारात ठरावाने काहीही होऊ शकतं. 'सभा संपेपर्यंत पुरवठा अखंड सुरू ठेवावा' हा ठराव हात वर करून मतास टाकण्यात आला आणि दोनशे चौदा विरुद्ध शून्य मतांनी मंजूर झाला. वारा घेणारे हातही त्यात धरले असावेत. तिसऱ्या रांगेत मामी बसल्या होत्या. त्यांनीही हात वर केला होता, आणि तो वाऱ्यासाठी नव्हता.

अध्यक्षांनी कार्यालयात फोन लावला. "लाइन चालू कर."

"साहेब, मामांचा फोन नाही आला अजून. ते वरच आहेत."

"सभेचा ठराव झालाय. सभा मोठी की तुझा सासरा?"

जावयांची नोकरी अजून कायम झालेली नव्हती. त्यामुळे प्रश्न त्यांना वाटला तितका अवघड गेला नाही. अकरा चाळीसला त्यांनी बटण दाबलं.

मामा वर तारेचा सांधा पिळत होते. तेवढ्यात गावाच्या टोकाला पिठाची गिरणी धडधडू लागली. गिरणी विजेशिवाय चालत नाही. मामांनी हातातल्या तारेकडे पाहिलं, मग खांद्यावरच्या पिशवीकडे पाहिलं, आणि सांधा पिळणं पुढे चालू ठेवलं. सांधा अर्धवट सोडता येत नाही.

गावभर लाइट आली, सभागृहात मात्र नाही. दहा मिनिटांत सभा खांबाखाली जमली.

"मामा, सगळीकडे लाइट आहे, आमच्याकडेच नाही!"

"बरोबर आहे."

"फ्यूज कुठेत?"

"माझ्यापाशी."

"अहो, ठराव झालाय! दोनशे चौदा विरुद्ध शून्य!"

"मीपण सभासद आहे. दोनशे चौदा विरुद्ध एक करा."

गर्दीतून मामी पुढे आल्या. "अगं बाई, तुम्ही होय वर?"

"मग कोण? संस्थेत वायरमन आहेत किती?"

"मला वाटलं, आता सगळं मशीनवर चालतं."

बारा पाचला मामा उतरले, फ्यूज बसवले आणि अध्यक्षांना उरलेलं भाषण करता आलं.

मंगळवारी नोटीस आली. 'संस्थेची मालमत्ता (फ्यूज, नग तीन) विनापरवाना तीस फूट उंचीवर नेणे व सभासदांच्या सेवेत व्यत्यय आणणे.' यापुढे फ्यूज नेणार नाही, असं लिहून द्यावं. न दिल्यास शुक्रवारच्या चौकशीनंतर कामावर येऊ नये. नोटीस पोचवायला संस्थेने जावयांनाच धाडलं. घरचाच माणूस म्हणून.

"सही करून टाका, मामा. दोनच ओळी आहेत."

"दोनच आहेत खऱ्या. पण त्यानंतर मी ज्या खांबावर चढेन, तिथे तुमच्या बटणाच्या भरवशावर चढेन." मामांनी कागद घडी घालून परत दिला. "जावईबापू, रविवारी गिरणी किती वाजता सुरू झाली हो?"

जावयांच्या चहावर साय धरली. तो तसाच ठेवून ते उठले.

"गिरणीचं काय?" मामींनी विचारलं. मामांनी खुंटीवरच्या खाकी पिशवीकडे पाहिलं. मामींच्या हातातली बशी हळूहळू खाली आली. "म्हणजे मी हात वर केला, तेव्हा तुम्ही..."

"जाऊ दे गं. तू नसता केलास, तर दोनशे तेराने मंजूर झाला असता."

त्या रात्री मामी जेवल्या नाहीत. मामा जेवले, आणि वर मीठ जरा जास्त पडलंय असंही म्हणाले.

शुक्रवारी चौकशी समिती बसली. चौकशी निष्पक्ष व्हावी म्हणून समितीचं अध्यक्षपद अध्यक्षांनी स्वतःकडे घेतलं होतं.

"लिहून देता की नाही?"

"नाही."

"कारण?"

मामा जावयांकडे न बघता म्हणाले, "सवय आहे." त्यांच्यापाशी याहून चांगलं कारण होतं, पण ते सांगितलं तर मुलीच्या घरची चूल विझली असती.

तेव्हा जावई उभे राहिले. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं. लॉगबुक ते घरून काखेत घेऊनच आले होते. त्यांनी वाचलं : "अकरा दहा, वायरमनच्या फोनवरून लाइन बंद. अकरा चाळीस, माननीय अध्यक्षांच्या तोंडी आदेशावरून लाइन चालू. त्या वेळी वायरमन खांबावर होते व ते मला माहीत होतं."

अध्यक्षांनी पान ओढून घेतलं. "शेवटच्या वाक्याची शाई वेगळी आहे."

"हो. ते काल लिहिलं. खरं रविवारीच होतं."

समितीला एकाएकी चहाची आठवण झाली. चहानंतर नोटीस दप्तरी दाखल झाली. सोमवारी परिपत्रक निघालं की 'माननीय अध्यक्षांच्या संकल्पनेतून' यापुढे प्रत्येक वायरमनने फ्यूज सोबत नेणं बंधनकारक राहील. त्याच कागदावर खाली, बारीक अक्षरांत, ऑपरेटरची प्रशासकीय सोयीसाठी लाइनवर बदली झाल्याचं कळवलेलं होतं.

बुधवारी सकाळी मामा जावयांच्या कमरेला खांबावर चढायचा पट्टा बांधत होते. दोन वर्षांच्या खुर्चीमुळे शेवटचं भोकही पुरेना. मामांनी खिळ्याने नवीन पाडलं.

"घट्ट होतोय, मामा."

"होऊ द्या. ढिला असला तर मुलगी मला विचारेल." त्यांनी पट्टा दोनदा ओढून पाहिला आणि खाली वाकून शिडी धरली. "पाय आधी, हात मग. आणि खाली कोण काय ठराव करतंय, याकडे लक्ष देऊ नका."