मालकानं स्वतः काढल्यास

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला मी ॲन आर्बरला पीएच.डी. करत होतो, तेव्हा माझ्याकडे एक जुनी, गंजकी गाडी होती. हिवाळ्याच्या तोंडावर ती चढावर दम टाकायला लागली. मेकॅनिकनं खाली बघून सांगितलं, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर चोंदलाय. विषारी धूर साफ करणारा हा डबा गाडीच्या पोटाखाली असतो. तो नवा बसवून देतो म्हणाला, पण नुसता काढून टाकायला तयार होईना. गॅरेजवाल्यांना कायद्यानं मनाई होती.

मी लायब्ररीत जाऊन तो कायदा वाचला. त्यात विक्रेते होते, गॅरेजवाले होते, पण गाडीच्या मालकाचं नाव कुठंच नव्हतं. म्हणजे मी स्वतः काढला तर गुन्हा नाही. हा शोध मी मित्रांना दोन-तीनदा ऐकवला. एका शनिवारी पार्किंग लॉटमध्ये गाडीखाली उताणा पडून हॅकसॉनं पाइप कापला, डबा काढला आणि त्या जागी सरळ पाइप क्लॅम्पनी आवळून टाकला. गाडी पळायला लागली. वास यायचा थोडा. जुनी गाडी म्हटल्यावर येणारच, असं मी धरून चाललो.

खालच्या अपार्टमेंटमध्ये नागपूरचं एक जोडपं राहायचं. बाळंतपणासाठी बायकोची आई आली होती. मी त्यांना मावशी म्हणायचो. जानेवारीत डेट्रॉइटकडे कुणाकडे तरी हळदीकुंकू होतं. तान्ह्या बाळाला घेऊन लेकीला निघवेना, म्हणून मावशींना मी घेऊन निघालो. पुढच्या सीटचा पट्टा काचतो म्हणून त्या मागे बसल्या.

अर्ध्या वाटेत फ्रीवेवर पुढे एक ट्रक आडवा झाला आणि सगळी रांग थांबली. बर्फ पडत होतं. काचा बंद, हीटरसाठी इंजिन चालू. तास होत आला. माझं डोकं ठणकत होतं, पण कॉफी राहिली म्हणून असेल असं वाटलं.

"सरक की जरा," मावशी म्हणाल्या. "एवढी जागा कशाला लागते तुला?"

मला वाटलं, मलाच म्हणताहेत. मग त्या हसल्या, लहान मुलीसारख्या. ताप उतरला का गं, असं कुणाला तरी विचारलं.

मी आरशात पाहिलं. मागे दोघी होत्या. दुसरी तेरा-चौदा वर्षांची, मावशींच्या खांद्यावर डोकं टेकून बसलेली. मला त्याचं काहीच नवल वाटलं नाही. हिला स्वेटर नाही, थंडी वाजत असेल, एवढंच मनात आलं.

पोलिसानं काचेवर किती वेळ ठोकलं कुणास ठाऊक. त्यानंच दारं उघडली. गार वारा आत आला आणि मी बर्फावर गुडघे टेकून ओकलो. मावशींना दोघांनी धरून बाहेर काढलं. त्या मागच्या सीटकडे हात करून रडत होत्या.

हॉस्पिटलमध्ये आम्हाला ऑक्सिजन लावला. कार्बन मोनॉक्साइड, डॉक्टर म्हणाले. माझा क्लॅम्प सैल होता आणि मागच्या सीटखालचा पत्रा गंजून त्याला भोक पडलं होतं. मेकॅनिकनं नवा कन्व्हर्टर, नवा पाइप बसवला, पत्रा सांधला. कायद्याबद्दल आम्ही दोघंही बोललो नाही. मावशींची लेक मला रागावली नाही. आधी बाळाला घेऊन मीही येणार होते, एवढंच ती म्हणाली. पुढं कित्येक आठवडे मला ते वाक्य ऐकू यायचं.

मार्चमध्ये एका दुपारी मावशी एकट्याच जिना चढून माझ्याकडे आल्या. धाकट्या बहिणीबद्दल बोलल्या. दोघी एका अंथरुणात झोपायच्या. ती चौदाव्या वर्षी टायफॉइडनं गेली, त्यालाही चाळीस वर्षं होऊन गेली होती. मग खाली बघत म्हणाल्या, "मला एकदा फिरवून आण. काचा लावून."

गाडी दुरुस्त झाली, मावशी, असं मी सांगितलं.

"म्हणजे आता यायची नाही ती?"

मी चहाचं आधण ठेवायला उठलो.

"तुला दिसली होती ना? तू आरशात बघत होतास."

"नाही," मी म्हणालो.

मावशी उठल्या. मग कठड्याला धरून सावकाश खाली गेल्या. एप्रिलमध्ये त्या नागपूरला परतल्या. पुढं ते जोडपं सांता क्लाराला गेलं. मावशी गेल्याचं मला लेकीनं फोनवर सांगितलं. तेव्हा तरी खरं सांगावं असं वाटलं होतं, पण तिच्या मागे मूल इंग्रजीत काहीतरी मागत होतं, आणि मी फोन ठेवला.

त्या वायूनं माणसाला नसलेलं दिसतं, हे मला कळतं. पण मी पाहिलेल्या मुलीच्या डाव्या भुवईवर एक जुना व्रण होता. मावशींनी बहिणीबद्दल जे सांगितलं, त्यात तो नव्हता. मीही कधी विचारलं नाही.