खडकावरचा 'गेट'

एका इंग्रजी क्रियापदामुळे माझी पुतणी नोकरीच्या मुलाखतीच्या दिवशी समुद्रात अडकली. क्रियापद 'गेट' होते आणि ते शिकवणारा मी होतो.

सायलीची किनाऱ्यावरच्या एका नव्या हॉटेलात अकरा वाजता मुलाखत होती. आधीच्या मुलाखतीत इंग्रजी ऐकून तिची वाचाच बसली होती, आणि ही संधी गेली तर तिला माणगावच्या मामाकडे कपड्यांच्या दुकानात बसावे लागणार होते. वहिनींनी देवीला नारळ बोलला. देवी खडकावर, आणि खडक समुद्रात. ओहोटीला चालत जायचे, भरतीच्या आत परतायचे, ही चौलच्या बाजूची जुनी रीत.

"भाऊजी, पाणी कधी भरंल?" वहिनींनी निघताना विचारले.

"तृतीया आहे. तिथीच्या आकड्याची पाऊणपट, म्हणजे दुपारी सव्वादोनला पूर्ण भरती. वाट नऊपर्यंत उघडी." (गणित अचूक होते. तीस वर्षे वार्ताहर आहे, वेळ चुकत नाही!)

आठ वाजता नारळ फुटला. वाऱ्याची झुळूक होती, सायली समोर बसली होती, आणि माझ्या खिशात 'गेट'च्या सत्तावीस उपयोगांची यादी होती.

"एकच क्रियापद नीट आलं की निम्मं इंग्रजी आलं," मी म्हणालो. "पत्र मिळतं, गेट. आजारी पडतो, गेट. बसमध्ये चढतो, गेट. उतरतो, तेही गेट. लग्न होतं, गेट. सुटका करून घेतो, तेही गेट!"

"लग्न आणि सुटका एकाच शब्दात?" वहिनींनी विचारले. "मग आपलं 'लागणं' काय वाईट? भूक लागते, ठेच लागते, नोकरी लागते. त्याची यादी नाही केलीत कधी!"

"वहिनी, मुलाखत इंग्रजीत आहे."

"काका, मला येतंय हो," सायली म्हणाली. "मला फक्त घरी जायचंय."

"एकोणिसाव्यावर आलोय. अर्धवट सोडायचं नाही." बातमी अर्धवट धाडायची नाही, हे मला वृत्तपत्राने शिकवले. बातमी कुठे थांबवायची, तेही शिकवले होते; ते त्या सकाळी आठवले नाही.

तेविसाव्याला वहिनी ओरडल्या, "भाऊजी, पाणी!"

मी खाली पाहिले. लाट माझ्या चपलांपर्यंत आली होती.

"उत्तम उदाहरण!" मी म्हणालो. "वुई आर गेटिंग वेट!"

हे वाक्य मी खरोखर उच्चारले. साक्षीदार दोन आहेत.

साडेनऊ झाले होते. वाटेवर कमरेएवढे पाणी होते आणि ओढ जबर. किनाऱ्यावर धाकूदादाची होडी दिसत होती, पण ती चिखलात आडवी पडलेली. आम्हाला चालायला पाणी जास्त होते आणि होडीला तरंगायला कमी!

"धाकूदादाऽऽ! होडी आणा!" मी ओरडलो.

"कशी आनू? खांद्यावर?" तिकडून उत्तर आले. "जरा पानी भरू द्या! तुमी पेपरवाले ना? भरतीची बातमी लागली न्हाय व्हय तुमाला?"

किनाऱ्यावर माणसे जमली. कोणीतरी फोन उंच धरून आमचे चित्रीकरण सुरू केले. सायली फाइल छातीशी धरून बसली. ती रडली असती तर बरे झाले असते; निदान मला समजूत तरी काढता आली असती. चोवीस ते सत्तावीस खिशातच राहिले.

पावणेअकराला होडी आली. धाकूदादाने ती सरळ हॉटेलच्या मागच्या वाळूवर घातली. सायली गुडघाभर पाण्यात उतरली आणि सलवारीला बोंबलाचा वास घेऊन, दहा मिनिटे उशिरा, आत गेली. मी बाहेर उभा राहिलो. वहिनी माझ्याकडे पाठ करून उभ्या होत्या, आणि हे मला योग्य वाटले.

व्यवस्थापकाने तिला इंग्रजीत पहिलाच प्रश्न विचारला, की उशीर का झाला. खडक, काका, लाट, चिखलातली होडी, सगळे तिने सांगितले. "इतका राग आला होता ना काका, की घाबरायचंच विसरले," असे ती नंतर म्हणाली. 'गेट' एकदाही वापरावा लागला नाही. नोकरी मिळाली!

पहिल्या आठवड्यात तिला पाहुण्यांसाठी भरतीची सूचना लिहायला सांगितली. तिने ती तपासायला माझ्याकडे आणली. शेवटचे वाक्य होते, 'खडकावर गप्पा मारत बसू नये. स्थानिक लोकही अडकतात.'

मी लाल पेन काढले. अडकलेल्या तिघांपैकी दोघी निर्दोष होत्या. म्हणून 'स्थानिक लोकही अडकतात' खोडले आणि वर लिहिले, 'एक वार्ताहर अडकला होता'. बातमी अचूक हवी.