असू द्या, इरलि

सोनाक्काला मी फसवलं. पाटलानं नाही, साहेबानं नाही — मी. हे आजवर बायकोलाही सांगितलेलं नाही.

तुम्ही म्हणाल, मग आताच कामून? काय सांगू... आमचं गाव खजुरीच्या पलीकडं, कर्नाटकात, महाराष्ट्राच्या हद्दीला लागून. सकाळी मेंढरांच्या गळ्यातल्या घंटा वाजत गायरानाकडं जायच्या. आता वाजत नाहीत. जाग आली की कान मात्र तिकडंच लागतात.

कंगवे-आरशांची पेटी डोक्यावर घेऊन मी गावोगाव फिरायचो, तेव्हा धनगराची सोनाक्का गायरानात मेंढरं राखता राखता हाक मारायची, "ये रे शिवाप्पा, आरशात बघून पोट भरतंय व्हय?" आणि आपल्यातली अर्धी भाकर पुढं करायची. त्या भाकरीची चव पुढं कुठं मिळाली? गुलबर्ग्यात तुरीची दलाली केली, स्वतःच्या हिमतीवर रान घेतलं — पण नाही मिळाली.

मग पाणलोटाची योजना आली. तळं कुठं करायचं ते शेतकरी, धनगर, बायका, सगळ्यांनी बसून ठरवायचं होतं. जागा दोनच निघाल्या: माझ्या रानातला सखल तुकडा, नाहीतर गायरान. पाटलाचं रान काय डोंगरावर होतं? पण त्याचं नाव कुणी काढलं नाही. माझ्यामागं भावकी नाही, म्हणून माझंच? माझं डोकं फिरलं. तो राग अजून गेलेला नाही. पण त्यात सोनाक्काचा काय दोष होता?

योजनेचे साहेब म्हैसूरकडचे, कन्नड बोलणारे, त्यांना मराठी येत नव्हती. इकडचं तिकडं सांगायला मीच उभा — बाजारात चार भाषांत भाव पाडणारा! साहेबांनी विचारलं, गायरानात तळं केलं तर धनगरांना चालेल का? मी ते मराठीत सांगितलं. सोनाक्का पदर सावरत उठली.

"गायरान हाय तसं असू द्या. आमची मेंढरं कुठं जातील?"

साहेबांनी माझ्याकडं पाहिलं. मी म्हणालो, "इरलि, अंतारे."

अंतारे म्हणजे म्हणतात, इरलि म्हणजे असू द्या. शब्द बरोबर होता — म्हणूनच तर! दोन्ही भाषांत त्याला दोन तोंडं: आहे तसं राहू द्या, आणि, चालेल. बाकीचं तिचं बोलणं मी गिळलं. दोन्ही भाषा येणारे तिथं पुष्कळ होते. त्यांना कळलं नाही, की कळून गप्प बसले? आणि सोनाक्का — तिला कन्नड जेमतेम — इरलि ऐकून तिनं समाधानानं मान डोलावली. ती मान साहेबांनी पाहिली.

तळं गायरानात झालं. उरलेल्या जागेत रोपं लावली, भोवती तारेचं कुंपण आलं. माझ्या विहिरीला पाणी वाढलं. सोनाक्काची मेंढरं बाजारात गेली, आणि ती लेकासुनेबरोबर पुण्याला बांधकामावर निघाली. एस्टीच्या थांब्यावर तिनं मला धरलं.

"माझं बोलणं साहेबाला बराबर सांगितलास न्हवं, शिवाप्पा?"

"सांगितलं की, अक्का."

"मग कामून आयकला न्हाई गा त्यो?"

मी तिचं बोचकं उचलून गाडीत ठेवलं. तेवढंच केलं. ती परत आली नाही.

आयुष्यभर मी दुसऱ्यांना जाब विचारत आलो — अडत्यांना, पाटलाला, भर चावडीत. या गायरानाचाही जाब कुणीतरी दिलाच पाहिजे. साहेबाला विचारू नका. पाटलालाही नको. त्या दिवशी सोनाक्काचं तोंड मी होतो.

मला विचारा.