काशीआत्याचं बंद दार

देव माझ्याशी कधीच बोलला नाही, ही खंत मी कितीतरी वर्षं मनात बाळगून होतो. माझी पत्नी दर अंगारकीला राजूरच्या गणपतीला जायची आणि परत आली की तिच्या चेहऱ्यावर असं समाधान असायचं, की मला तिचा हेवा वाटायचा. एकदा मी विचारलं, "तुला तिथं दिसतं तरी काय?" ती भाकरी थापता थापता म्हणाली, "दिसायला कशाला पायजे? गेल्यावर बरं वाटतं. येऊन तर बघा." पण जाफराबादला माझं विहिरीवरच्या मोटारी दुरुस्त करण्याचं दुकान. नेमकी सणावारीच कुणाची तरी मोटार जळायची. मी जात नव्हतो, आणि तरीही एखादी खूण मिळावी म्हणून आतल्या आत झुरत होतो.

तिच्या पोटात एक गोळा होता. कधी डावीकडं, कधी पार ओटीपोटात हाताला लागायचा, कधी सापडायचाच नाही. आमच्याकडं याला वाटी सरकली म्हणतात. गल्लीच्या टोकाला काशीआत्या राहायची. ती तेल लावून पोट चोळायची आणि दुखणं थांबायचं. हिनं एकदोनदा दवाखान्याचं काढलं, तेव्हा "आत्याकडं जाऊन ये, उतरंल," असं म्हणून मीच टाळलं.

त्या अंगारकीला सकाळीच ती पोट धरून खाली बसली. या वेळची कळ वेगळीच होती. तिला घाम फुटला, ओठ पांढरे पडले. मी तिला कसंबसं आत्याच्या दाराशी नेलं, तर दाराला कुलूप. शेजारीण म्हणाली, "आत्या तर राजूरला गेली ना भाऊ, पहाटंच." मी ते कुलूप धरून हिसडलं. मनात गणपतीला नको ते बोललो: तुझ्या दर्शनाला आजचाच दिवस सापडला का रे आत्याला?

तिला घेऊन रस्त्यावर आलो. राजूरला निघालेली एक जीप माणसांनी खचाखच भरून आली. मी हात केला. मागं बसलेल्या एका म्हाताऱ्या बाबांनी हिच्याकडं एकदा पाहिलं आणि सगळ्यांना उतरवायला सुरुवात केली.

"उतरा रे, जल्दी! बाईला आडवं होऊ द्या."

"अन् आपलं दर्शन, बाबा?" एकजण कुरकुरला.

"मंग चाल की पायी! गणपती काय पळून जाऊन राह्यला का?"

धुळीत उभ्या राहिलेल्या त्या माणसांना मी नीट हातसुद्धा जोडले नाहीत. जीपवाल्यानं आम्हाला थेट औरंगाबादला पोचवलं.

तिथं सोनोग्राफीत ओटीपोटात मोठी गाठ दिसली. गर्भाशयाकडची असावी असं डॉक्टरांना वाटलं, पण चिरण्याआधी त्यांनी सिटी स्कॅन करून घेतला. फिल्म उजेडासमोर धरून त्यांनी मला डाव्या बरगड्यांखाली बोट दाखवलं. "इथं पाणथरी, म्हणजे प्लीहा, असते. यांची इथं नाहीये." मग बोट खाली नेलं. "ही बघा." पाणथरीला जागेवर धरणारे बंध हिच्यात सैल होते. ती आपल्या देठावर लोंबकळत पोटात हिंडत होती आणि आता त्या देठालाच पीळ पडला होता. रक्त पोचणं थांबलं होतं. विहिरीत दोरावर सोडलेली, दोराला पीळ पडलेली मोटार मला आठवली. रोज दुसऱ्यांचे पीळ सोडवणारा मी, घरातला मला कळला नव्हता.

"आज पोट चोळलंय का कुणी?" डॉक्टरांनी विचारलं.

"नाही. दार बंद होतं."

"बरं झालं. फुगून ताणलीये. जोरात दाबली असती तर फुटली असती."

तिला आत नेलं. मी बाकावर बसून राहिलो. त्या फिल्ममधली बरगड्यांखालची रिकामी जागा डोळ्यांसमोरून हलेना. ही परत आली नाही, तर माझ्या घरातही तशीच जागा राहील, एवढंच मनात येत होतं. तिची हाक ऐकायला जीव तुटत होता. देवाकडं काही मागायचंही सुचेना. "आता तूच बघ," एवढंच म्हणालो.

पाणथरी काढावी लागली, पण ही वाचली. शुद्धीवर येताच पुटपुटली, "माझं दर्शन राहिलं."

आता आम्ही दोघं जातो. रांगेत उभं राहिल्यावर मी अजूनही कान देऊन असतो. देव काही बोलत नाही. त्या म्हाताऱ्या बाबांना गर्दीत शोधतो. ते कधी दिसले नाहीत. ओढ संपलेली नाही, पण त्या ओढीतली तक्रार गेली. काशीआत्या आता या जगात नाही आणि तिच्या दाराला कायमचंच कुलूप आहे. राजूरला निघताना मी तिथं क्षणभर थांबतो आणि त्या गंजल्या कुलपाला हात लावून नमस्कार करतो. जन्मभर मी जी खूण मागत होतो, ती त्या सकाळी माझ्या मुठीत होती, आणि मी ती रागानं हिसडत होतो.