रिकाम्या गाडीचे पाटे

देवपूजा आटोपली की कालची फुले परडीत जमा होतात. ती पुन्हा देवाला वाहता येत नाहीत आणि रस्त्यावर टाकवतही नाहीत. माझ्याजवळच्या काही गोष्टींचे असेच झाले आहे. एका जुन्या पिकअप गाडीच्या खाली आणि भोवती बसून त्या इतक्या साचल्या की, त्यांचे काय करावे हे मला उमगत नाही. ज्यांना त्या ठाऊक होत्या ते सारे पांगले. तेव्हा आज ही परडी तुमच्यापुढे उपडी करतो.

निजामी संपून संस्थान हिंदुस्थानात सामील झाले, त्यानंतरची ही वर्षे. वांकिडीला आमचा भाजीचा मळा होता. वांगी-मिरची आसिफाबादच्या आणि राजुऱ्याच्या बाजाराला न्यायची म्हणून मी लष्कराच्या डिस्पोजलमधली, म्हणजे लिलावात काढलेली, एक पिकअप घेतली. चारही चाकांना ताकद देणारी ती गाडी काळ्या मातीतून, ओढ्यांतून आणि जंगलातून कुठूनही जाई. मात्र तिचे पाटे पार थकले होते. पाटे म्हणजे चाकांवर गाडी तोलून धरणाऱ्या, एकीखाली एक बांधलेल्या, धनुष्यासारख्या वाकवलेल्या पोलादी पट्ट्या.

गावात लक्ष्मण मिस्त्री होते. जातीने लोहार, आणि युद्धाच्या काळात लष्कराच्या मोटार-कारखान्यात काम केलेले. ते गाडीखाली शिरले आणि इतका वेळ बाहेर आले नाहीत की, त्यांना झोप लागली असे मला वाटले.

"काय म्हणते गाडी?" मी विचारले.

आतून आवाज आला, "गाडी नाही हे, बुवा! चिखलात बसलेली म्हैस हाय. उठाचं नावच घेत नाही!"

मी एकादशीला भजन सांगत असे म्हणून सारा गाव मला बुवा म्हणे.

मिस्त्रींनी पाटे उतरवले, ठोकून ठोकून त्यांची कमान परत आणली आणि दुसऱ्या एका मोडक्या ट्रकचा एक पाटा वाढवला. गाडीची मागची बाजू वीतभर वर आली. मला फार आनंद झाला. मी म्हणालो, "चला, आता कायमचे काम झाले!"

मिस्त्री हात पुसत म्हणाले, "तुमी देवाची पूजा एकदाच केली होती का?"

दर पंधरवड्याला बोल्ट आवळणे, पाट्यांमधला चिखल खरवडणे आणि तेल देणे हा नेम त्या दिवसापासून सुरू झाला.

*

पाट्याला तडा गेला असेल तर तो चिखलाखाली दिसत नाही. मिस्त्री एकेक पाटा दोरीला टांगून त्यावर हातोडी मारत. साबूत पाटा दीर्घ गुंजतो आणि तडकलेला दबका वाजतो. परंतु भट्टीजवळ आयुष्य गेल्यामुळे त्यांचा एक कान अधू झाला होता. त्यांनी मला बोलावले.

मी डोळे मिटून बसलो. एक, दोन, तीन पाटे उत्तम वाजले. चौथ्यावर हातोडी पडताच मी हात वर केला. मिस्त्रींनी तो पाटा घासून पाहिला, तर केसाएवढी चीर!

मला थोडा अभिमान झाला, तो त्यांच्या नजरेतून सुटला नाही. म्हणाले, "वीस वर्ष टाळ कुटून राह्यले तुमी. आज कामात आला!"

*

त्या दसऱ्याचा प्रमाद मात्र सर्वस्वी माझा.

दसऱ्याला शस्त्रे, अवजारे आणि वाहने पुजण्याची आपली रीत आहे. पत्नी जाऊन मला दोन वर्षे झाली होती आणि घरात दुसरे कोणी नव्हते. सणाच्या दिवशी दोन हात रिकामे राहिले की माणूस नको ते करून बसतो. सकाळी सारी वांकिडी गाड्यांना गंध-फूल वाहत असताना माझ्या मनात आले की, जे आपला एवढा भार वाहतात त्या पाट्यांना गंध कोठे लावणार? मी चारही चाकांच्या पाट्यांवर यथासांग पंचामृताचा अभिषेक केला. दूध, दही, तूप, मध, साखर, काही उणे ठेवले नाही.

तिसऱ्या दिवशी गाडीखालून मुंग्यांची एक रांग माझ्या ओसरीपर्यंत आली होती. पंचामृतावर बाजाराच्या वाटेची धूळ बसली आणि पाटे एकमेकांना असे चिकटले की गाडी दगडासारखी आपटू लागली.

मिस्त्रींनी वाकून पाहिले. बोट लावले आणि ते जिभेला लावले. मग माझ्याकडे वळले.

"बुवा, काऊन केलं असं?"

मी सांगितले.

"मंग नैवेद्यबी दाखवाचा होता! मुंग्यायनं पंगत तरी नीट उरकली असती."

सगळे पाटे उतरवून रॉकेलने धुण्यात दोन दिवस गेले. ते दोन्ही दिवस मिस्त्री माझ्याकडेच जेवले. फार दिवसांनी मी दोघांपुरती भाकरी थापली. आपल्या चुकीबद्दल मला व्हावा तेवढा पश्चात्ताप झाला नाही, हे आज कबूल करतो.

*

पुढे राज्यांच्या फेररचनेची चर्चा सुरू झाली. कोणी म्हणे आपण मुंबईकडे जाणार, कोणी म्हणे आंध्राकडे. कचेरीत उर्दू अर्ज चालेना, मराठी चालेल की तेलुगू हे कोणी सांगेना.

अशाच एका बाजारी मी भाजी भरून निघालो आणि ओढ्यातल्या धोंड्यावर मागचे चाक आदळले. सारे पाटे एकत्र ओवून धरणारा मधला बोल्ट तुटला. त्यामुळे मागचा आस सरकला आणि गाडी तिरकी चालू लागली. तोंड एका दिशेला, चाल दुसऱ्या दिशेला! बाजारात शिरलो तेव्हा लोक दुतर्फा उभे राहून पाहू लागले.

कचेरीतले एक म्हातारे कारकून छत्री टेकून म्हणाले, "बुवा, तिचं तोंड हैदराबादकडं अन् पाय नागपूरकडं! सरकारनं विचारलं त हेच दाखवा. आपल्या तालुक्याचं म्हननं याहून साफ कोनी सांगू शकत नाही!"

*

अखेर रेघ पडली. कालपर्यंत एकाच जिल्ह्यात असलेले राजुरा तिकडे मुंबई राज्यात गेले आणि वांकिडी इकडे आंध्रात राहिली. मिस्त्रींचा एकुलता एक मुलगा गोविंदा राजुऱ्याला एका मोटार-कारखान्यात लागला होता. त्याचा निरोपावर निरोप येऊ लागला की, बाबा, इकडे राहायला या. मिस्त्री म्हणत, "एवढे बुवाचे पाटे करून देतो अन् येतो." पाट्यांचे काम कधी संपत नसते, हा माझा मोठा आधार होता.

त्याच सुमारास त्यांनी गाडीच्या मापाची एक खूण केली होती. भार पडल्यावर पाटे किती दबतात हे मोजायला वांकिडीत काटा नव्हता. म्हणून प्रत्येक एकादशीला आमची भजनी मंडळी मागे बसवायची, आणि गाडीचा मागचा पत्रा जिथवर बसेल तिथे ओसरीच्या खांबाला खडूने रेघ ओढायची. सहा टाळकरी, एक मृदंगवाला आणि मी. "मानसं तीच, वजन तेच," असे मिस्त्री म्हणत.

राज्यांची रेघ पडल्यावर टाळकऱ्यांपैकी मराठी शाळेचे मास्तर नांदेडकडे गेले. मृदंगवाला सोयऱ्यांकडे चंद्रपूरला गेला. मग पाठोपाठ दोघे टाळकरी भाऊ गेले, आणखी एक गेला. एकादशीमागून एकादशी खडूची रेघ वर वर चढू लागली.

शेवटी एका एकादशीला आम्ही तिघेच मागे बसलो. मिस्त्री खडू हातात घेऊन खांबाजवळ उभे राहिले.

म्हणाले, "बुवा, पाटे सुधरून राह्यले!"

त्यांनी रेघ ओढली नाही.

*

आता एक गोष्ट सांगतो, ती आजवर कोणास सांगितली नाही.

मिस्त्रींनी जाण्याचा दिवस ठरवला. पाटे उत्तम झाले होते, थांबण्यास निमित्त उरले नव्हते. पहाटेच्या पूजेत मी देवाजवळ मागणे मागितले. आयुष्यभर ज्याने संतांची वाणी गाऊन निष्काम भक्तीचा उपदेश केला त्या माणसाने! मी म्हणालो, "देवा, एखादा पाटा मोडू दे."

तिसऱ्या दिवशी भर ओढ्यात मोडला. शेजारी मिस्त्री बसले होते. मिरचीची पोती पाण्यात गेली आणि आम्ही दोघे बॉनेटवर चढून बैलजोडीची वाट पाहत राहिलो. मी मान खाली घालून नामस्मरण करीत होतो.

मिस्त्री म्हणाले, "मुख्य पाटा मोडला, बुवा. वांकिडीत भेटत नाही. महिना जाईन."

"अरेरे!" मी म्हणालो.

"देवाजवळ मांगाचंच होतं त खालचा लहान मांगाचा होता. सायंकाळपोत्तर बसवून देल्ला असता. मुख्य काऊन मांगतला?"

"तुम्हांला कसे...?"

"पाट्यायचं काम निघाल्यापासून मी तुमच्या आंगनातच त झोपतो. अन् तुमी देवाशी लय मोठ्यानं बोलता!"

*

तो महिनाही संपला. नवा मुख्य पाटा बसला, मिस्त्रींनी जास्तीचा आणखी एक चढवला, आणि त्यांचा संसार त्याच गाडीत भरून मी स्वतः त्यांना राजुऱ्याला पोचवायला निघालो. भांडी, पेटी, भाता, हातोडे, आणि सर्वांत खाली त्यांच्या आजोबांच्या हातची ऐरण. भरलेली गाडी वाटभर अशी मऊ चालली होती की पाट्यांत खोड काढायला काही मिळाले नाही.

गोविंदाने दोन माणसे आणून सामान उतरवून घेतले. शेवटी ऐरण राहिली. तिघे तिला हात घालणार तोच मिस्त्री म्हणाले, "थांबा."

ते गाडीमागे गेले. फळीवर दोन्ही हात ठेवून त्यांनी गाडी दाबून पाहिली. हलली नाही. वाकून पाट्यांकडे पाहिले.

"लय कडक झाले. गाडी रिकामी गेली त रस्ताभर उडन. ऐरण राहू दे वरतंच."

गोविंदाला काही कळेना. "बाबा, ऐरण? आपल्या घरचा देव हाय तो! वजनच पाह्यजेन त दगडं टाकतो नं चार!"

"दगडं घसरते."

"पोत्यात वाळू भरतो!"

"वाळू सांडते."

"अन् तुमी? तुमी काय ठोकाल, कायच्यावर ठोकाल?"

"थे मी पाहीन. दोर आन."

त्यांनी ऐरण बरोबर मागच्या आसाच्या वर सरकवली. चारही बाजूंनी दोर घेऊन स्वतः बांधली, गाठ ओढून पाहिली, सोडली आणि पुन्हा बांधली. तिच्यावर हात ठेवून तो हात कपाळाला लावला.

मी म्हणालो, "मिस्त्री, परत केव्हा आणून देऊ?"

ते पायरी चढत होते. मागे न वळता म्हणाले, "आनून द्याल त जातानी गाडी रिकामीच जाईन नं, बुवा!"

आणि आत गेले.

राजुऱ्यापासून वांकिडीपर्यंत त्या दिवशी गाडी एकदाही उडाली नाही.