पुलापाशी अडलेलं आर्वी संस्थान

मार्चचा पहिला रविवार, दुपार, आर्वीचा बसस्टँड. हजर: आई. माझे यजमान सुधाकर, शाळेत शिक्षक, निवृत्तीला अजून अवकाश. मुलगी ऋचा, नागपूरच्या होस्टेलवरून खास आलेली. शेजारच्या कुंदाताई, हातात दशम्यांचं पुडकं. एक कुत्रं, ते नक्की कोणाला सोडायला आलं होतं ते शेवटपर्यंत कळलं नाही. गैरहजर: माझा भाऊ, कारण "बस काई वेळेवर सुटत नाई" हा त्याचा अनुभव. बस वेळेवर सुटली. सामान: सुटकेस दोन, वळकटी एक, तिखटाचा डबा एक. हा डबा आईने सुटकेसमधून काढून पिशवीत, पिशवीतून काढून सुटकेसमध्ये आणि शेवटी खिडकीतून माझ्या मांडीवर ठेवला.

त्या दिवशी जे स्टँडवर होते त्यांच्यासाठी, आणि माझ्याआधी किंवा नंतर जे त्याच बसने गेले त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. फोनवर तुम्ही सगळे एकच विचारता, "करमते काय तिथं?" त्याचं उत्तर एका फोनमध्ये बसत नाही, कारण त्यात घोडदळ येतं.

मी जाण्याचं कारण साधं होतं. आमच्या पंपाच्या कंपनीने वर्ध्याचं गोदाम आटोपतं घेतलं आणि मला पुण्याच्या बाजूला, लोणी काळभोरच्या मोठ्या गोदामावर स्टोअर्स सांभाळायला बोलावलं. वर्ध्याला एक धाकटी जागा सहा महिने माझ्यासाठी राखून ठेवणार होते. ऑगस्ट संपता संपता सांगायचं: पुण्यात कायम, की परत. आई म्हणाली, "सहा मह्यने म्हंजे काई जास्त नाई. कापूस बी तेवढाच वेळ घेते." आणि मग बस हलल्यावर ओरडून, "जेवत जाय वं पोरी!" मी तेव्हा अठ्ठेचाळीस वर्षांची होते.

राहायला खोली मिळाली सदाशिव पेठेत, तिसऱ्या मजल्यावर. सोमवार ते शनिवार काही प्रश्न नव्हता. कंपनीची बस, गोदाम, रॅक, बेअरिंगं, सील, गॅस्केटं. सगळ्यांना जागा ठरलेली. प्रश्न होता रविवारचा. आर्वीत रविवार कधी आपला असतो का? सकाळी कुंदाताई डोकावणार, मग कोणाची सोयरीक, कोणाचं दुखणं, दुपारी वांग्याची भाजी, त्यावर न सांगता आलेले चार पाहुणे. इथे रविवारी दार वाजलं ते पहिल्या महिन्यात एकदाच, आणि तो समोरच्यांचा कुरियरवाला होता. मी समोरच्या वहिनींना चहाला बोलावलं तर त्या म्हणाल्या, "आमचा झालाय." मी म्हटलं, उद्या या. त्या म्हणाल्या, "उद्याही झालेलाच असेल." त्यात राग नव्हता हो. माहिती दिली फक्त.

म्हणून मी रविवारची कामं काढायला लागले. डबे घासणं, डब्यांवर नावं चिकटवणं, ती वाकडी वाटली की पुन्हा चिकटवणं. मेमध्ये अशाच एका सकाळी खालच्या मजल्यावरून स्पष्ट आवाज आला: "तुमचे घोडेस्वार मेलेत, कबूल करा." त्यावर दुसरा, तरुण आवाज, "मेले नाहीयेत काका, फक्त रिट्रीट केलंय." खाली शिकवणीचा वर्ग भरतो, रविवारी बंद असतो. मी झारा हातात घेऊन खाली गेले. झारा का घेतला ते सांगता येणार नाही.

आत एका मोठ्या टेबलावर पठार, टेकड्या, निळी नदी, नदीवर पूल, आणि बोटाच्या दोन पेरांएवढे शेकडो सैनिक. भोवती पाच-सहा चांगली मोठी, चष्मा लावलेली माणसं मेजरटेपने जमीन मोजत होती. त्यातल्या सर्वांत वयस्कर गृहस्थांनी माझ्याकडे आणि झाऱ्याकडे पाहिलं.

"या. शस्त्र बाहेर ठेवा."

हे लेले. खडकीच्या दारूगोळ्याच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. दुसरा आवाज मिहिरचा. तो आयटीत आहे आणि प्रत्येक वाक्यात निदान एक इंग्रजी शब्द घातल्याशिवाय त्याचं वाक्य थांबत नाही.

खेळ असा: प्रत्येकाचं एक कल्पित संस्थान आणि त्याचं सैन्य. सैनिक विकत आणायचे ते राखाडी, रंग आपण द्यायचा. पटावर घरं नसतात, टेपने मोजून चालायचं. हल्ला केला की फासे टाकायचे. फासे सांगतील तेवढे मेले. मेलेला टेबलावरून उचलायचा. बाकीचं सगळं नियमांच्या जाड पुस्तकात, आणि पुस्तकात नाही ते लेल्यांकडे.

"शिकायचंय?" लेल्यांनी विचारलं.

"मी वरच्या मजल्यावरची इंगोले. वयाला शोभेल का?" मी म्हटलं.

"मी शहात्तरचा आहे. तुम्ही इथे बालवर्गात बसाल. संस्थानाचं नाव काय लिहू?"

मला दुसरं काही सुचेना. "आर्वी."

"हे कुठे आलं?"

"वर्ध्याजवळ."

"म्हणजे नागपूर."

"नाही हो, आर्वीहून नागपूर चांगलं दोन-अडीच तास."

"इंगोलेबाई, नगरच्या पुढे सगळं नागपूरच असतं," असं म्हणून त्यांनी कागदावर आर्वी लिहिलं. पण भिंतीवरच्या नकाशावर नाही. नकाशावर मंडळींची संस्थानं रंगवलेली होती, नद्या, सीमा, सगळं. तिथे जागा मिळण्याची अट एकच: स्वतः रंगवलेल्या सैन्याने एक लढाई पुरी खेळायची. जिंकली-हरली याला महत्त्व नाही. अर्ध्यात सोडली तर जागा नाही.

पुढचे काही रविवार मी उसनं सैन्य घेऊन शिकले. मिहिरने मला नवशिक्यांचं ज्ञान दिलं, ते जसंच्या तसं देते. एकदम मोठं सैन्य आणायचं नाही, थोडेच आणायचे आणि ते पुरे करायचे. आधी प्रायमर, मग मूळ रंग, मग पातळ गडद रंगाचा हात, म्हणजे कपड्यांच्या चुण्या दिसतात. डोळे रंगवायच्या भानगडीत पडायचं नाही. मी पडले. माझ्या पहिल्या भालाईताला सुधाकरने फोटोत पाहिलं आणि विचारलं, "ह्याला मास्तरांनी कशावरून झापलं?"

पण मला लागलं ते वेड. गोदामावरून आले की वरण-भात, मग ब्रश. भालाईतांच्या डोक्याचं फडकं मी लाल-पिवळं केलं, कमरेला आईच्या जुन्या लुगड्याच्या काठाचा हिरवा. आणि सगळे भालाईत वाळल्यावर मी ते केलं, जे स्टोअर्समध्ये आयुष्य काढलेली बाईच करील. त्यांना एका चौरस फळीवर, ओळींनी, सारख्या अंतरावर, पंपाच्या केसिंगला वापरतात त्या गोंदाने पक्कं चिकटवलं. प्रत्येकाच्या पायाशी क्रमांक. हरवायला नको, पडायला नको, मोजायला सोपं. फोटो काढून ऋचाला पाठवला. ती म्हणाली, "आई, हे सैन्य आहे की मसाल्याचा डबा?" मला ती स्तुती वाटली.

लढाई ठरली ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी. सोमवारी ऑफिसात कायम की परत ते सांगायचं होतं. वर्ध्याची जागा पगाराने कमी, पण घर मोटरसायकलच्या अंतरावर. दोन्ही बाजूंचे मुद्दे मी इतके वेळा मांडून पाहिले होते की ते मला पाठ झाले होते आणि उपयोग शून्य. म्हणून मनाशी ठरवलं: ह्या शहरात एका भिंतीवर माझ्या गावाला जागा मिळाली, तर राहायचं. नाही मिळाली, तर परतीचा अर्ज. कोणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर आईने त्या भिंतीलाच नवस बोलला असता.

लढाई मिहिरशी. मला पूल ओलांडून पलीकडचं निशाण गाठायचं होतं, त्याला मला अडवायचं होतं. त्याने पहिल्याच फेरीत बंदुका उडवल्या, फासे टाकले.

"तीन डेड, काकू. काढा."

मी फळीकडे पाहिलं. फळीने माझ्याकडे.

"निघत नाहीत," मी म्हटलं.

"म्हणजे?"

"चिकटवलेत."

मिहिरने एका भाल्याला धरून ओढलं. अख्खी फळी उचलली गेली, त्याखालची टेकडीही थोडी. "काय लावलंय हे? काका, हे अनफेअर आहे. हिचे सोल्जर्स मरतच नाहीत!"

"हिचे काय? काकूंचे म्हण," लेले म्हणाले आणि पुस्तक उघडलं. "मेलेला सैनिक टेबलावरून उचलावा, असं आहे. उचलताच आला नाही तर काय, ते दिलेलं नाही. पुस्तक लिहिणाऱ्याला वर्धा जिल्ह्यातला गोंद ठाऊक नसावा."

मी पर्समधून लाल दोरा काढला. गोदामात बाद मालाला आम्ही लाल खूण करतो. तिघांच्या गळ्यात एकेक लाल फास अडकवला. "हे बाद. दिसायला उभे आहेत, पण हिशेबात नाहीत."

"आमच्या कारखान्यातही असे बरेच होते," लेले म्हणाले. "चालेल."

मला वाटलं, सुटले. फळी पुढे सरकवली, पुलापाशी आले, आणि थांबले. फळी पुलाहून रुंद होती. चांगली चार बोटं. उभी जाईना, आडवी जाईना, तिरकी जाईना. कपाट विकत घेण्याआधी जिना मोजणारी बाई मी. पूल मोजला नव्हता.

मिहिरने पुलावर टेप धरून पाहिला. मग लेले म्हणाले, "मरत नाहीत, पण पूलही ओलांडत नाहीत. इंगोलेबाई, तुमचं सैन्य पक्कं सदाशिव पेठेतलं झालंय."

सगळे हसले. मीही हसले, पण फळीवरचा हात काढला नाही. मिहिरने ते पाहिलं असावं. हळूच म्हणाला, "काकू, आज थांबवू या. नेक्स्ट संडे नीट करून खेळू. नो टेन्शन."

नेक्स्ट संडेला सोमवार होऊन गेलेला असणार होता. मी विचारलं, "लेले, करवत आहे?"

"कशाला?"

"फळी कापते."

"इतकी मेहनत केलीत. वेड्यावाकड्या निघतील हो ओळी."

"निघू द्या."

लेल्यांच्या पिशवीत करवतीचं लोखंडी पातं होतं, त्यांच्या पिशवीत सगळंच असतं. मिहिरने टेबलाच्या कडेशी फळी धरली, मी कापायला बसले. माझ्या सरळ ओळी, माझे क्रमांक, कसलं काय. भुसा नदीत पडला. एका भालाईताचा पाय गेला, दोघांचे भाले. मिहिर सारखा "काकू, बोटं, बोटं!" करत होता. फळीचे चार तुकडे झाले. एकही चौकोनी नव्हता. मी त्यातला पहिला पुलावर ठेवला आणि तो सरळ पलीकडे गेला. दुसराही.

मी सपशेल हरले. निशाणापासून वीतभर अंतरावर माझ्या शेवटच्या भालाईताच्या गळ्यात लाल दोरा पडला. पण लढाई पुरी झाली होती. लेल्यांनी ब्रश हिरव्या रंगात बुडवला, नकाशावर उजवीकडे, सगळ्यांपासून लांब एक ठिपका काढला आणि खाली लिहिलं: आर्वी. "नागपूरपासून दोन-अडीच तास, बरोबर ना?" त्यांनी मागे न वळता विचारलं.

संध्याकाळी आईला फोन केला.

"लढाई? पुण्यात? कोनासंगं वं?"

"एका आयटीतल्या पोराशी."

"जिकली काय?"

"हरले."

"मंग कायले राह्यतं तिथं? ये वापस!"

"म्हणूनच राहतेय, आई. पुढच्या रविवारी पुन्हा लढायचंय त्याच्याशी."

आईने फोन दुसऱ्या कानाला लावला. मग म्हणाली, "त्याले जेवाले बलाव आधी. मंग मार." सोमवारी मी ऑफिसात कायम सांगितलं. सुधाकर म्हणाला, "मला वाटलंच होतं, भालाईतांचे फोटो यायला लागले तेव्हाच." त्याचा आवाज थोडा पडला होता. माझाही. दर महिन्याला एक जण येतो किंवा जातो, एवढं ठरलं, आणि ते अजून तरी पाळलं जातंय.

आता मी आर्वीला येते तेव्हा कुंदाताई "पुणेवाली आली" म्हणतात, आणि पुण्यात मी "नागपूरच्या काकू". पूर्वी वाटायचं, घर म्हणजे जिथे आपल्याला सगळं ठाऊक असतं. आता वाटतं, घर म्हणजे ज्याच्याबद्दल आपण चुकलो तर चार जणांना खपत नाही. हे कळलं ते एका वेगळ्या कामामुळे. नकाशावरच्या प्रत्येक संस्थानाला टेबलावर मांडायला आपलं गाव करावं लागतं, म्हणून मी पुठ्ठ्याची आर्वी करते आहे. मारोतीचं देऊळ झालं, त्याचा फोटो आईला पाठवला तर दार उलट्या अंगाला आहे म्हणून तिने मला झापलं. बाजाराची गल्ली सुधाकरने सुधारली, शाळेचं कुंपण माझ्या भावाने, तेही वेळेवर. इथे लेले दर रविवारी विचारतात की एवढ्याशा गावात एवढे वाद कसे मावतात, आणि मिहिर गल्लीत तोफ मावेल का ते मोजत बसतो.

सगळं जागेवर आलंय, पाण्याची टाकी सोडून. तिचा जिना आई म्हणते बाजाराकडून चढतो, सुधाकर म्हणतो शाळेकडून, आणि माझा भाऊ म्हणतो जिना नव्हताच, शिडी होती. टाकी रंगवून तयार आहे. जिना कापून ठेवलाय, शिडीही करून ठेवली आहे. दोन्ही अजून लावायची आहेत.